उथळ पाण्यातले अरण्य
- खास प्रतिनिधी

स्कूबा डायव्हिंग म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते निळेशार, उबदार पाणी, रंगीबेरंगी प्रवाळ आणि त्यांत बागडणारे चिमुकले मासे. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या पर्यटकांच्या छायाचित्रांनी हे चित्र आता मराठी घरांतही पक्के केले आहे. मात्र समुद्राखालचे जग सगळीकडे असे नसते. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर पाणबुड्या पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्याभोवती असते हिरवट, थंडगार पाणी आणि त्यात तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे असलेले तपकिरी खांबांचे अरण्य. हे केल्प नावाच्या महाकाय शैवालाचे जंगल. खोली फार नसते. बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मीटर, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. ‘एवढेच ना?’ असे वाटावे अशीच ही खोली आहे. नेमका तिथेच नवशिक्यांचा अंदाज चुकतो.

या जंगलाची ओळख करून घेण्यासाठी पॉइंट लोबोस हे ठिकाण आदर्श मानले जाते. मॉन्टरे उपसागराच्या दक्षिणेला, कार्मेल गावापासून जवळच हा खडकाळ भूभाग समुद्रात शिरला आहे. येथील पाण्याखालच्या क्षेत्राला १९६० मध्ये संरक्षण मिळाले. अमेरिकेतील अशा अगदी सुरुवातीच्या सागरी राखीव क्षेत्रांत त्याची गणना होते. व्हेलर्स कोव्ह ही येथील आडोशाची छोटी खाडी. पाण्यात उतरण्याची सोय तिथेच आहे. डायव्हिंगसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू दिले जात नाही. दिवसभरात किती जणांना सोडायचे यालाही मर्यादा आहे. येथून एक शिंपलाही उचलून नेता येत नाही.

झाड नव्हे, शैवाल

केल्प झाडासारखा दिसत असला तरी तो झाड नव्हे. तो तपकिरी शैवालांच्या कुळातला. त्याला मुळे नसतात. बोटांसारख्या गुंतलेल्या शाखांची एक घट्ट पकड त्याला खडकाशी बांधून ठेवते. ही पकड जमिनीतून काहीच शोषत नाही. अन्नद्रव्ये पाण्यातूनच, सर्वांगाने घेतली जातात. म्हणूनच केल्पला वाळू चालत नाही, भक्कम खडक लागतो. पानासारख्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी वायूने भरलेला एक छोटा फुगा असतो. अशा शेकडो फुग्यांच्या आधाराने देठ सरळ उभे राहतात आणि पृष्ठभागावर पोहोचले की आडवे पसरून छत धरतात. अनुकूल परिस्थितीत हे शैवाल दिवसाला तीस सेंटीमीटर, तर कधी साठ सेंटीमीटरपर्यंत वाढते.

एवढ्या वाढीसाठी लागणारे खाद्य थंड पाण्यातून येते. वसंत ऋतूत वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्यालगतचे पाणी बाहेर ढकलतात. त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंड, नायट्रेटयुक्त पाणी वर येते. आपल्या कोकण किनाऱ्यावर खडक आहेत, ऊनही आहे. पण पाणी उबदार. त्यामुळे आपल्याकडे सरगॅसमसारखी तपकिरी शैवाले वाढतात, केल्पचे जंगल मात्र उभे राहत नाही.

थंडी आणि झोके

मॉन्टरे परिसरात पाण्याचे तापमान साधारण दहा ते पंधरा अंश सेल्सियसच्या आसपास असते. हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने खेचून घेते. म्हणून सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट किंवा अंग पूर्ण कोरडे ठेवणारा ड्रायसूट, डोक्याला टोपडे आणि हातमोजे आवश्यक ठरतात. आता हा जाड सूट मुळात तरंगणारा. त्याला पाण्याखाली नेण्यासाठी कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. बोटे बधिर झालेली, हातमोजे जाड, अंगावर वजन. साधी बकलदेखील अशा वेळी उघडता उघडत नाही.

दुसरी अडचण लाटांची. लाटेचा परिणाम पाण्याखाली तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवतो. पॅसिफिकमधून येणाऱ्या लांबच लांब लाटांपुढे दहा मीटर खोली म्हणजे काहीच नाही. तळाशी असलेला माणूस पाळण्यात बसल्यासारखा पुढे-मागे झुलत राहतो. पाणी पुढे नेते तेव्हा पाय मारायचे आणि मागे ओढते तेव्हा स्वस्थ राहायचे, ही येथली रीत. झोक्याविरुद्ध झगडणारा दमतो, दमलेला जोरजोरात श्वास घेतो आणि नळकांड्यातील हवा बघता बघता संपते.

उथळ म्हणजे सोपे नव्हे

‘खोल पाणी धोक्याचे, उथळ पाणी सुरक्षित’ ही समजूत भौतिकशास्त्राला मान्य नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या शरीरावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटरवर तो दोन वातावरणांएवढा होतो, वीस मीटरवर तीन आणि तीस मीटरवर चार. दाब वाढला की हवेचे आकारमान त्याच प्रमाणात कमी होते, हा बॉइलचा नियम शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र ती थेट दुप्पट होते. याचा अर्थ असा की, दाबाचा सर्वांत मोठा खेळ शेवटच्या दहा मीटरमध्येच चालतो.

स्कूबाचा पहिला नियम ‘श्वास कधीही रोखू नका’ हा का, ते येथे उमगते. नळकांड्यातील हवा घेतलेला माणूस घाबरून श्वास रोखून वर आला, तर फुगणारी हवा फुप्फुसाला इजा करू शकते. त्यासाठी फार खोलीही लागत नाही. जेमतेम सव्वा मीटरवरूनदेखील असे होऊ शकते. कानातील दाब सारखा करण्याचे कामही याच पहिल्या काही मीटरमध्ये सर्वाधिक वेळा करावे लागते.

आणखी एक बारकावा शिकाऊ पाणबुड्याच्या सहज लक्षात येत नाही. डायव्हच्या शेवटी नळकांडे हलके झालेले असते, कारण हवेलाही वजन असते. नेहमीच्या आकाराच्या भरलेल्या नळकांड्यात अडीच किलोंहून अधिक हवा मावते. त्यातच वर येताना दाब कमी झाल्याने सूटचे रबर फुगते आणि जास्त तरंगू लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पाच मीटरवर थांबायचे ठरवलेला माणूस बुचासारखा वर उसळतो. वर केल्पचे दाट छत असेल तर थेट त्यात जाऊन अडकतो.

गुंतलात तर?

केल्पमध्ये अडकण्याची भीती प्रत्येक नवख्याला वाटते. खरे तर केल्प कोणालाही पकडत नाही. पकड बसते ती लोंबकळणाऱ्या नळ्यांमुळे, सुट्या पट्ट्यांमुळे आणि घाबरून मारलेल्या गिरक्यांमुळे. गिरकी घेतली की देठ अंगाभोवती दोरासारखे गुंडाळले जातात. यावर उपाय साधा आहे. थांबावे, श्वास घ्यावा, आल्या वाटेने थोडे मागे सरकावे आणि जोडीदाराला सोडवू द्यावे. केल्पचा देठ ओढला तर तुटत नाही. पण काडीसारखा झटकन दुमडला की कटकन मोडतो. सुरी ही अगदी शेवटच्या गरजेची वस्तू.

खरे कौशल्य पणाला लागते ते परत येताना. छताखालून किनाऱ्यापर्यंत पोहता येईल एवढी हवा राखून ठेवणे, वर पाहून उजेडाची फट शोधणे आणि तेथूनच हात वर धरून हळूहळू पृष्ठभाग गाठणे, हा शिरस्ता. हवा संपल्यावर छताच्या मधोमध वर आलेल्या माणसाला पालथे पडून, पाती हाताने खाली दाबत रांगत किनारा गाठावा लागतो. त्या वेळी पाय जोरात मारून चालत नाही, कारण पायातले पंखच आधी अडकतात. पंधरा मिनिटांचे हे रांगणे पुढच्या वेळी हवेच्या मापकाकडे लक्ष ठेवायला शिकवते.

जंगलाचे राखणदार

एवढा खटाटोप करून पाण्यात उतरणाऱ्याला दिसते काय? वरून झिरपणाऱ्या उन्हाच्या तिरिपा, देठांमध्ये संथपणे लटकलेले रॉकफिश, खडकांवर स्पंज आणि रंगीत समुद्री गोगलगायी, कधी मागून येऊन पायातल्या पंखाचा चावा घेऊन पाहणारा सील. आणि छतावर, केल्पची पाती अंगाभोवती गुंडाळून झोपलेले सागरी पाणमांजर.

हे पाणमांजर येथला केवळ रहिवासी नाही, राखणदार आहे. लोकरीसाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत त्याची इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियातून ते नामशेष झाले असेच मानले जात होते. १९३८ मध्ये बिग सर किनाऱ्याजवळ पन्नासएक पाणमांजरांचा कळप दिसल्याची बातमी जगजाहीर झाली. आज कॅलिफोर्नियात त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. अंगावर चरबीचा थर नसल्याने ऊब टिकवण्यासाठी हा प्राणी रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढे अन्न खातो. त्यात सी-अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा जीवही आला. अर्चिन केल्प खातो, पाणमांजर अर्चिन खाते. राखणदार नाहीसा झाला की अर्चिन माजतात आणि जंगलाचे उजाड खडक होतात. जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी १९७४ मध्ये अलास्कातील बेटांचा अभ्यास करून ही साखळी मांडली आणि ती पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

व्हेलर्स कोव्हचा इतिहासही याच साखळीत गुंफलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेन्नोसुके कोदानी हे जपानी तज्ज्ञ येथे आले आणि त्यांनी अबालोन या मोठ्या समुद्री गोगलगायीचा व्यवसाय उभारला. थंड पाण्यामुळे त्यांच्या पाणबुड्यांना धातूचे शिरस्त्राण आणि जाड पोशाख वापरावे लागले. अबालोनची तेव्हाची रेलचेल निव्वळ निसर्गाची देणगी नव्हती. त्यांना खाणारी पाणमांजरे माणसाने आधीच संपवली होती.

दुष्काळ पाण्याखालचा

२०१३ पासून या किनाऱ्यावरील तारामासे एका रोगाने झडू लागले. वीस-चोवीस हातांचा, मीटरभर रुंदीपर्यंत वाढणारा सूर्यफूल तारामासा हा अर्चिनचा दुसरा मोठा शत्रू. तो कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. कॉलऱ्याच्या जंतूच्या कुळातला व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू या रोगामागे असल्याचे संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केले. त्यातच २०१४ ते २०१६ या काळात समुद्रात उष्णतेची लाट आली. थंड, पोषक पाण्यावाचून केल्प कृश झाला. राज्याच्या उत्तर भागात, जिथे पाणमांजरे नाहीत, तेथील बुल केल्प या दुसऱ्या जातीची जंगले नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. उपासमारीने अबालोन मेले आणि त्यांची हौशी मासेमारी २०१८ पासून बंद करावी लागली.

मॉन्टरे परिसरालाही झळ पोहोचली. अनेक ठिकाणी जंगल विरळ झाले, काही खडक उघडे पडले. तरीही जंगलाचे तुकडे टिकून राहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे कारण दाखवले. पाणमांजरे उजाड खडकांवरचे उपाशी, पोकळ अर्चिन टाळतात आणि उरलेल्या जंगलातले भरलेले अर्चिन वेचून खातात. उजाड झालेले परत आणणे त्यांना जमत नाही, पण शिल्लक आहे ते ती राखतात.

पाहणाऱ्याची जबाबदारी

या सगळ्या घडामोडी उघड झाल्या त्या अनेकदा साध्या हौशी पाणबुड्यांच्या नोंदींमुळे. रीफ चेकसारख्या संस्थांचे प्रशिक्षित स्वयंसेवक तीस मीटरच्या फितीवर पोहत मासे, अर्चिन आणि केल्पचे देठ मोजतात. वर्षानुवर्षे एकाच जागी केलेल्या मोजणीतूनच जंगल वाढते आहे की घटते आहे, हे समजते. अशी मोजणी थंड पाण्यात, झोके खात, तळाला न लागता करायची असते. स्वतःचा तोल सांभाळता न येणारा पाणबुड्या जंगलही पाहू शकत नाही, उलट ते तुडवतो.

सॅन होजे, सनीव्हेल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मॉन्टरे नवे नाही. तेथील मत्स्यालयात १९८४ पासून साडेआठ मीटर उंचीच्या टाकीत जिवंत केल्पचे जंगल पाहता येते. पाण्यात न उतरता ओळख करून घेण्याचा तो उत्तम मार्ग. प्रत्यक्ष उतरायचे असेल तर मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून केलेली अर्ध्या तासाची सफर पुरेशी नाही. तिथे प्रशिक्षक आपल्यासाठी श्वास सोडून बाकी सारे करत असतो. रीतसर अभ्यासक्रम आणि त्यानंतर स्थानिक जाणकारासोबत थंड पाण्याचा सराव, हाच क्रम योग्य.

मालवणच्या समुद्रालाही १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. तेथे केल्प नसला तरी प्रवाळ आहेत, सरगॅसम आहे आणि पर्यटकांची गर्दीही आहे. पॉइंट लोबोसने मोजकीच माणसे पाण्यात सोडण्याचा नियम केला तो जंगल उरावे म्हणून. उथळ पाण्यातले वैभव सर्वांच्या हाताशी असते आणि म्हणूनच ते सर्वांत लवकर संपू शकते, एवढे ध्यानात ठेवून पाण्यात उतरलेले बरे.