भाव ४६०, हाती ४००

खरेदीदाराने मोजले ४६० रुपये, विकणाऱ्याच्या खात्यात जमा झाले ४००. मधले ६० कुठे गेले, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून मोठा आहे: जमा झालेल्या त्या ४०० ना पैसे म्हणायचे का?

माझा भाचा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आहे. रात्रपाळी संपवून सकाळी चौकात तर्री-पोहे खायला येतो. हैदराबादचा रस्ता आणि तुळजापूरचा रस्ता जिथे फुटतो त्या भागात सकाळी ट्रकांची आणि पाळीच्या बसेसची एकच गर्दी असते. त्या गर्दीत उभ्या-उभ्याच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या गेममधली बंदुकीची एक स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायचा रंग-नक्षीचा साज, त्याला विकायची होती. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत ‘तुम्हाला मिळेल’, दुसरीत ‘खरेदीदार देईल’.

“मामाजी, भाव कोणत्या खान्यात टाकू?”

प्रश्न साधा, पण सगळा हिशेब त्यातच आहे.

हा गेम ज्या स्टीम नावाच्या दुकानातून चालतो, तिथे खेळाडूंचा आपापसातला बाजार आहे. विकणारा खेळाडू, घेणाराही खेळाडू, जागा स्टीमची. प्रत्येक सौद्यावर स्टीमची ५ टक्के आणि गेमच्या प्रकाशकाची १० टक्के अशी १५ टक्के कापणी ठरलेली आहे. काउंटर-स्ट्राइकची प्रकाशक आणि स्टीमची मालक एकच, व्हॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी. म्हणजे दोन्ही वाटे एकाच घरात जातात.

बहुतेकांची चूक इथेच होते. हे १५ टक्के खरेदीदाराच्या रकमेवर मोजले जात नाहीत, विकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेवर चढवले जातात. तुम्हाला ४०० हवेत, तर त्यावर २० आणि ४० चढून खरेदीदाराला ४६० दिसतात. म्हणून दिसणाऱ्या भावाला १.१५ ने भागायचे. ४६० मधून सरळ १५ टक्के वजा केलेत तर उत्तर ३९१ येते, आणि ते चूक आहे. खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तर कापणी १३.०४ टक्के पडते, विकणाऱ्याच्या बाजूने १५.

कागदावर हा भार खरेदीदारावर आहे. आपल्याकडे जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असे ठरले, तेव्हा कळमन्याच्या बाजाराकडे नजर ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न होता. देणारा बदलला, पण भार खरेच हलला का? घेणारा शेवटी एकच आकडा बघतो: एकूण किती मोजायचे. आडत त्याने द्यायची असेल तर तो बोली तेवढी कमी लावतो. स्टीमवरही तसेच. ४६० च्या वर एक रुपया न देणाऱ्या माणसाला त्यातले ६० कोणाचे याच्याशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे विकणाऱ्याने ही कापणी आपल्याच ताटातून गेली असे धरून चालावे.

घ्यायचे आणि चढ्या भावाने विकायचे असा बेत असेल तर हेच गणित आणखी कडक होते. ४६० ला घेतलेली वस्तू विकून तेच ४६० परत मिळवायचे, तर बाजारात तिचा भाव ५२९ हवा. भाव १० टक्क्यांनी वाढून ५०६ झाला की पोरे आनंदाने विकतात आणि हाती ४४० घेऊन बसतात. भाव चढला आणि तोटा झाला, असे दोन्ही एकदम होते.

अगदी स्वस्त वस्तूंचे हाल याहून वाईट. दोन्ही कापण्या किमान एक-एक सेंटच्या. त्यामुळे डॉलरमधल्या व्यवहारात सगळ्यात खालचा भाव ३ सेंट, आणि त्यातला विकणाऱ्याला मिळतो १. दोन-तृतीयांश वाटेतच गेले. भाच्याच्या खात्यात अशा पंधरा-वीस वस्तू पडून होत्या. त्या विकत बसू नको, वेळ जातो, एवढेच मी त्याला सांगितले.

इतर गेमांचे दर पाहिले तर १५ टक्के किती जड आहेत ते कळते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या लिलावघरात कापणी ५ टक्के आहे, आणि माल विकला गेला नाही तर लिलावाला लावताना भरलेली अनामत बुडते. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’च्या ग्रँड एक्स्चेंजवर २०२१ मध्ये १ टक्का कर आला, २०२५ मध्ये तो २ टक्के झाला. एका वस्तूवर ५० लाख नाण्यांच्या पुढे तो जात नाही. त्या करातली नाणी वापरून गेम चालवणारी कंपनी बाजारातला काही माल स्वतः विकत घेते आणि नष्ट करते, म्हणजे मालाचा पूर येत नाही. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. तिथे चलन मात्र गेममधली नाणी आहेत, रुपये-डॉलर नाहीत. खऱ्या पैशांचा लिलाव गेमच्या आतच मांडायचा प्रयोग ‘डायब्लो ३’ने २०१२ मध्ये केला. लोक खेळायचे सोडून खरेदीच करू लागले, आणि १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने ते लिलावघर बंद केले.

आता भाव ठरवण्याकडे. भाच्याच्या स्किनसाठी सगळ्यात स्वस्त विकणारा ४६० वर बसला होता, आणि सगळ्यात वरची खरेदीची मागणी ४३० ची होती. ४३० ला लगेच सौदा होतो, हाती येतात सुमारे ३७४. ४६० ला थांबायचे, तर ४००. म्हणजे थांबण्याचा मोबदला २६ रुपये. प्रश्न एवढाच की थांबायचे किती दिवस?

याचे उत्तर स्टीमच्या त्याच पानावर असते, पण कोणी वाचत नाही. तिथे विक्रीला किती नग आहेत ते दिसते आणि गेल्या चोवीस तासांत किती खपले तेही दिसते. समजा तुमच्या भावाच्या खाली ९० नग लागलेले आहेत आणि दिवसाला ६ खपतात. तुमचा नंबर यायला १५ दिवस लागतील, तेही खालून नवा माल आला नाही तर. नवा माल तर रोज येतो. तेव्हा ज्या वस्तूची रोजची विक्री हजारांत आहे तिथे एक-दोन रुपयांसाठी थांबायला हरकत नाही, आणि जिची आठवड्यात दोनच गिऱ्हाइके येतात तिथे वरची मागणी चांगली असेल तर देऊन मोकळे व्हावे. आलेखावरची एखादीच उंच उडी म्हणजे भाव नव्हे. कोणीतरी हौसेने जास्त मोजले, एवढाच तिचा अर्थ.

नग पाहूनही भाव बदलतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक स्किनला ० ते १ मधला एक झिजेचा आकडा जन्मतःच चिकटलेला असतो. ०.०७ पर्यंत ‘फॅक्टरी न्यू’, तिथून ०.१५ पर्यंत ‘मिनिमल वेअर’, ०.३८ पर्यंत ‘फील्ड-टेस्टेड’, ०.४५ पर्यंत ‘वेल-वॉर्न’ आणि पुढे सगळी ‘बॅटल-स्कार्ड’. कितीही खेळा, हा आकडा हलत नाही. पण फील्ड-टेस्टेडचा पट्टा केवढा रुंद आहे पाहा: ०.१५ ते ०.३८. पट्ट्याच्या सुरुवातीचा नग जवळजवळ कोरा दिसतो, शेवटचा पार खरवडलेला, आणि बाजारात दोघे एकाच नावाखाली, एकाच यादीत. संत्र्याच्या ढिगात वरचे फळ आणि तळचे फळ एका भावात जावे तसे. भाच्याची स्किन ०.१६ ची निघाली. त्याला ते ठाऊकच नव्हते, आणि यादीतला सगळ्यात स्वस्त भाव पाहून तो एक रुपया कमी लावायला निघाला होता! चांगला नग सगळ्यात स्वस्त नगाच्या खाली कशाला विकायचा?

माल येतो कुठून, हेही एकदा पाहावे. गेममध्ये पेट्या मिळतात. पेटी उघडायची किल्ली २.४९ डॉलरची. चीनमधल्या नियमांमुळे २०१७ मध्ये तिथल्या वितरकाला पेटीतल्या शक्यता जाहीर कराव्या लागल्या, म्हणून आकडे उघड झाले: साधी निळी वस्तू ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४, आणि चाकू-हातमोज्यांसारखी सोनेरी वस्तू ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांत एक सोनेरी. नुसत्या किल्ल्यांचाच खर्च ९५८ डॉलरच्या घरात. आणि सरासरी म्हणजे खात्री नव्हे. ३८५ पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण ३७ जणांना एकही सोनेरी वस्तू मिळत नाही. हा आकडा मी भाच्याला कागदावर मांडून दाखवला. पेटी उघडून विकायला माल मिळवणे हा धंदा होऊच शकत नाही. चाकू हवाच असेल तर बाजारातून सरळ विकत घेणे स्वस्त पडते.

या शक्यतांवर उभा राहिलेला भावही कायमचा नसतो. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. अमेरिकेत अजून २२ तारीखच होती तेव्हा व्हॉल्व्हने एक बदल सोडला: पाच लाल वस्तू देऊन त्यांच्या बदल्यात एक चाकू किंवा हातमोजे घेता येतील. आपल्याकडे सकाळी ओवाळणीची ताटे तयार होईतो चाकूंचे भाव कोसळले होते आणि लाल वस्तूंचे उसळले होते. या स्किनांच्या एकूण बाजाराचे मोल तेव्हा सुमारे ६ अब्ज डॉलर धरले जात होते. एक-दोन दिवसांत त्यातले पावणेदोन-दोन अब्ज गेल्याचे अंदाज आले. दुष्काळ पडला नाही, मागणी आटली नाही. मालकाने नियमाची एक ओळ बदलली, बस्स. आमच्या भागात कापूस पिकतो. त्याच्या भावाचे रडगाणे दरवर्षीचेच आहे, तरी २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपयांचा हमीभाव जाहीर होता. स्किनला हमीभाव नाही. वर्षभराची कमाई तिच्यात घालून ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्या पोरांची मला मनापासून काळजी वाटते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मिळालेले ४०० स्टीमच्या पाकिटात जमा होतात. आकडा रुपयांत दिसतो, भारतीय रुपयांत व्यवहार नोव्हेंबर २०१५ पासून आहेच. पण ते पाकीट एका दिशेने उघडते. त्यातून गेम घेता येतात, दुसऱ्या स्किना घेता येतात. बँकेत मात्र एक रुपया परत येत नाही. तेव्हा या ४०० चे तुमच्यासाठी मोल किती, हे तुम्ही एरवी गेमवर किती खर्चणार होता यावर ठरते. दर दिवाळीत एक गेम विकत घेणाऱ्याला ते पूर्ण ४०० आहेत. घरी किराण्याला हातभार लावायचा म्हणून विकायला बसलेल्याला ते शून्य आहेत.

आणि रोख हवी म्हणूनच पोरे बाजार सोडून अनोळखी माणसाशी थेट सौदा करतात. “तू स्किन पाठव, मी यूपीआय करतो.” पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून स्किन उचलणे ही जुनी लबाडी आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला की समजायचे, आपल्याच खात्यातून जाणार आहेत. घेणाराही सुरक्षित नाही. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकमधली अदलाबदल सात दिवसांच्या आत उलटवता येते. ही सोय चोरीला गेलेले सामान परत मिळावे म्हणून आहे, पण तिचा आधार घेऊन एखादा विकणारा आधी यूपीआयने पैसे घेईल आणि सहाव्या दिवशी स्किनही परत ओढेल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉल्व्हने नव्या किल्ल्यांची आपापसातली विक्री बंद केली, तेव्हा कारण हेच दिले होते की किल्ल्यांचे बहुतेक सगळे व्यवहार फसवणुकीच्या पैशाशी जोडलेले आहेत.

स्किना लावून जुगार खेळवणाऱ्या साइटींबद्दल तर दोन मते असूच नयेत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून जिंकण्याच्या आशेने खेळायच्या खेळांवर बंदी आहे. त्यात ‘पैसे’ म्हणजे फक्त नोटा नव्हेत. पैशाने घेतलेली आणि पैशात बदलता येणारी आभासी वस्तूही त्यात धरली आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

भाच्याने शेवटी स्किन ४६० ला लावली नाही. झीज ०.१६ म्हणून त्याने ४८३ लावले, म्हणजे हाती ४२०. अकराव्या दिवशी ती गेली. पाकिटातल्या पैशांत थोडी भर घालून त्याने एक गेम घेतला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याच्याशी एकदा बसून बोला, रागावू नका. विकायच्या आधी दिसणाऱ्या भावाला १.१५ ने भागून पाहायला शिकवा. आणि फसवणूक झालीच तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसू देऊ नका, त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे तर तक्रार तेवढ्या लवकर पोचायला हवी.