टेंपो उलटला तर भरपाई कोण देणार?

परभणी जिल्ह्यातील लहान व्यापारी आणि कारागीर यांचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. आज जिंतूर, उद्या सेलू, परवा मानवत किंवा गंगाखेडचा बाजार. फेब्रुवारीत परभणीच्या उर्सात दुकान. पहाटे कापडाचे गठ्ठे, तयार कपडे, भांडी, चपला टेंपोत भरायच्या आणि माल सांभाळत त्याच गठ्ठ्यांवर बसून जायचे, ही आम्हा सर्वांची जुनी रीत. भाडे वाचते, मालावर नजर राहते. पण टेंपो उलटला की चर्चा एकाच गोष्टीची होते : चूक कोणाची? त्याहून मोठा प्रश्न मागे राहतो, तो म्हणजे पैसे कोण देणार? या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एक नसतात.

चुकीचा हिशेब

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावरील प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. चालकाच्या निष्काळजीपणाने कोणी मेला किंवा जखमी झाला तर जबाबदारी चालकावर, त्याच्यामागे मालकावर आणि मालकाच्या वतीने विमा कंपनीवर येते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली चालतो. अपघात जिल्ह्याबाहेर झाला तरी आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तेथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. अधिक संभवनीय काय, हे पाहिले जाते.

दोन गाड्यांची टक्कर झाली आणि दोन्ही चालक चुकले, तर आत बसलेला निर्दोष माणूस कोणत्याही एका बाजूकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मात्र जखमीची स्वतःची चूक असेल तर तेवढा वाटा कापला जातो.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण ही रक्कम घेतली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. ठोकर देणारी गाडी पळून गेली तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये आहेत. त्यासाठी अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

गठ्ठ्यांवर बसणाऱ्याचे काय?

आपल्या लोकांचे खरे नुकसान येथे होते. १९९४ च्या दुरुस्तीने मालगाडीतून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात आला. परंतु माल नसताना फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. पुढे २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले की मालाचा मालक म्हणजे चालकाच्या केबिनमध्ये बसून जाणारा.

याचा अर्थ सरळ आहे. चालकाची चूक शंभर टक्के सिद्ध झाली तरी मागे गठ्ठ्यांवर बसलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनी नकार देऊ शकते. मग उरतो टेंपोचा मालक. ज्याची एकच गाडी, तीही कर्जावर, त्याच्याकडून दहा-पंधरा लाख कसे वसूल होणार? काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी रक्कम भरून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण त्या भरवशावर प्रवास करू नये. टेंपोतील मालाचे नुकसानही गाडीच्या या विम्यात येत नाही. त्यासाठी माल वाहतुकीचा विमा वेगळा काढावा लागतो.

कमाईचा पुरावा

भरपाईची रक्कम कमाईवर ठरते. समजा ३५ वर्षांचा शिंपी महिना १२ हजार रुपये कमावत होता आणि मागे चार अवलंबित आहेत. ठरलेल्या सूत्रानुसार पुढील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाची रक्कम काढून १६ ने गुणायचे. आकडा येतो २४ लाख १९ हजार २०० रुपये. पुराव्याअभावी महिना ८ हजारच धरले तर १६ लाख १२ हजार ८००. कागद नसल्यामुळे ८ लाखांहून अधिक गेले.

कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कागद नसतानाही महिना साडेसहा हजार कमाई मान्य केली. पण त्यासाठी खटला दिल्लीपर्यंत न्यावा लागला. त्यापेक्षा रोजची वही, बँकेत भरणा, घाऊक दुकानाची बिले आणि जमेल तर आयकर विवरणपत्र ठेवणे स्वस्त पडते.

व्यापारी बांधवांनी काय करावे?

टेंपो ठरवताना विम्याची मुदत, चालकाचा परवाना आणि गाडीचे फिटनेस पाहावे. मालाचे बिल आपल्या नावाचे व खिशात असावे. अपघातानंतर "आपसात मिटवू" म्हणून गाड्या हलवू देऊ नयेत. पोलिसांना बोलवावे, पंचनामा व गुन्ह्याची नोंद करून घ्यावी, दवाखान्याची प्रत्येक पावती जपावी. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ती मोजूनच चालावे.

लहान टेंपोच्या केबिनमध्ये चालकाशेजारी सहसा एकाचीच जागा असते. म्हणून एका बाजाराला जाणाऱ्या पाच-सहा जणांनी माल टेंपोत घालावा, एकाने केबिनमध्ये बसावे आणि बाकीच्यांनी एस.टी.ने किंवा प्रवासी परवान्याच्या गाडीने जावे. माणशी थोडे तिकीट जास्त पडेल. ते बाजारखर्चात धरावे आणि गठ्ठ्यांवर बसणे बंद करावे.