नाटक, जागा आणि जमाखर्च

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांसमोर आले १९७९ मध्ये. मधल्या काळात मराठी रंगभूमीने संगीत नाटकाचे वैभव पाहिले, नाटक कंपन्या निघाल्या, नाट्यगृहे बांधली गेली; एका गरीब शेतकरी कुटुंबाच्या फसवणुकीची ही कथा मात्र कागदावरच राहिली. इतिहास शिकविताना आम्ही वर्गात प्रश्न विचारतो : विषय होता, संहिता होती, लेखक तर महात्माच होता, मग उणे काय पडले? आमच्या मते, उणी होती ती नाटक पाठीवर घेणारी संस्था आणि हक्काची जागा.

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मुलांचा अभिनय पाहून पालकांचे डोळे भरून येतात. पण स्नेहसंमेलन एका रात्रीत संपते. हौशी नाट्यसंस्था वर्षानुवर्षे चालवावी लागते. ती कशी चालते, हे माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

संस्थेचा पहिला पाया कागदोपत्री असतो. किमान सात सभासद, घटना, बँकेत खाते आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी. त्यानंतर दरवर्षी हिशेबाची तपासणी. हे काम कोणालाच आवडत नाही, पण नोंदणी नसलेल्या मंडळाला अनुदान मिळत नाही आणि देणगीदाराला पावतीही देता येत नाही. दुसरा कागद संहितेचा. लेखकाची लेखी परवानगी घ्यावी, त्याचे मानधन द्यावे, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र वेळेत मिळवावे. ऐन प्रयोगाच्या तोंडावर यापैकी एक कागद नसला, तर दोन महिन्यांची तालीम वाया जाते.

रत्नागिरीतील हौशी कलावंतांचे वर्ष राज्य नाट्य स्पर्धेभोवती फिरते. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेचे रत्नागिरी हे प्राथमिक फेरीचे एक केंद्र आहे, आणि मारुती मंदिर परिसरातील नगर परिषदेचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह हे शहराचे मुख्य रंगमंदिर. प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर होते. म्हणजे तालमी ऐन पावसाळ्यात सुरू होतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात नेपथ्याच्या कापडाला बुरशी धरते, प्लायवूड फुगते, खाऱ्या हवेने दिव्यांना गंज चढतो. गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि कलावंत आपापल्या घरी अडकतात. हाच काळ आपल्याकडे वर्षावासाचा. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होते. त्यानंतर तीच सतरंजी तालमीला मिळाली, तर संस्थेचा मोठा खर्च वाचतो.

तालमीच्या जागेचे मोल आम्हांला अनुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात आमची तालीम चालू होती. नाटक पाण्याविषयी आणि अस्पृश्यतेविषयी आहे, हे जागेच्या चालकांना समजले. कोणी एक वावगा शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्हांला किल्ली मिळाली नाही, एवढेच. मुले पायरीवर उभी होती. त्यांतील एकाने विचारले, “सर, आता नाटक बंद का?” त्या रात्री तालीम एका सभासदाच्या पडवीत झाली. प्रयोगही ठरल्या दिवशी झाला. पण त्या मुलाचा प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

नाट्यगृह चालविणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. भाडे सत्रावर आकारले जाते. त्याखेरीज अनामत रक्कम, वीज आणि ध्वनियंत्रणा यांचा खर्च वेगळा. हौशी संस्थांना कमी भाडे हवे असते आणि तारखा मात्र सर्वांना त्याच दोन-तीन महिन्यांतल्या. उरलेल्या वर्षभर छप्पर, खुर्च्या, पडदे आणि वायरिंग यांची निगा चुकत नाही. केवळ नाटकांवर हा मेळ बसणे कठीण, म्हणून कोठेही पाहिले तर अशा वास्तू सभा-समारंभांना द्याव्या लागतात. नाट्यगृह टिकावे असे वाटत असेल, तर तिकीट काढून नाटक पाहण्याची सवय आपण घरापासून लावली पाहिजे. स्पर्धेचे तिकीट नाममात्र असते; तरीही फुकट पासाची वाट पाहणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

खर्च आवरायचा, तर संहिता विचारपूर्वक निवडावी. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका दोन नटांवर उभी राहते. तिला ना मोठे नेपथ्य लागते, ना भरजरी वेश. आपल्या चळवळीची परंपराही हेच सांगते. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे नाट्यगृहाची वाट पाहत थांबले नाहीत. वस्तीतले मोकळे मैदान हाच त्यांचा रंगमंच होता. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात आकाराला आले, आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. शिक्षणसंस्थेने जागा दिली, तर तेथून नाटक किती दूर जाते, याचा हा दाखला आहे.

शेवटी एक विनंती. नाटकात काम करावयास मुले पुष्कळ मिळतात. आम्हांला उणीव भासते ती पडद्यामागच्या माणसांची. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांत आज वायरमन आहेत, सुतार आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, बँकेत हिशेब पाहणारे आहेत. त्यांनी वर्षातले पंधरा दिवस दिले, तर दिवे, नेपथ्य, वेशभूषा आणि जमाखर्च ही चारही कामे घरची होतील. वसतिगृहाचे सभागृह सुटीच्या दिवसांत तालमीसाठी राखून ठेवावे, असा प्रस्ताव आम्ही व्यवस्थापनापुढे मांडणार आहोत. त्याला आपला पाठिंबा हवा आहे. पुढच्या पावसाळ्यात तालमीला आलेल्या मुलांना किल्लीसाठी पायरीवर उभे राहावे लागू नये, इतकीच आमची इच्छा.

जय भीम!