महिला भजनी मंडळाची तालीम : पट्टी, लय आणि घसा नेमका कुठं दगा देतो?

रब्बीची पेरणी उरकली, कापसाची एक-दोन वेचणी घरात आली की गावोगावच्या मंदिरात रात्री साडेआठ-नऊला टाळ वाजू लागतात. कुठं सप्ताह तोंडावर आलेला असतो, तर कुठं तालुक्याला भजन स्पर्धा लागलेली असते. पूर्वी हे काम पुरुष मंडळींचं समजलं जायचं. आता महिला मंडळंही तितक्याच हौसेनं उतरतात. फरक एवढाच, की दिवसभर वेचणी-खुरपणी, मग चूल, मग जनावरं, आणि त्यानंतर उरलेला जेमतेम तासभर तालमीला मिळतो.

हा तास कसा वापरला जातो, यावर बरंच काही ठरतं. पहिल्याच स्पर्धेत फजिती झाली की घरचेच म्हणतात, बास झालं आता, पुढच्या वर्षी नको. नव्यानं उभी राहिलेली मंडळं अशीच मोडतात. आणि बहुतेक वेळा कारण आवाज वाईट असणं हे नसतंच. चूक तालमीतच झालेली असते.

सगळ्यात मोठी गडबड पट्टीची

गावात पेटी वाजवणारा सहसा एकच असतो आणि त्याचा हात पुरुषांच्या भजनावर बसलेला असतो. तो सवयीनं काळी एक किंवा काळी दोन धरतो. त्या पट्टीत पुरुषाचा आवाज आरामात फिरतो. बाईचा मात्र मधल्यामध्ये अडकतो. खालचा सा धरला तर आवाज छातीतच विरतो, ऐकूच येत नाही. वरचा धरला तर अंतऱ्याला ओरडावं लागतं. मग निम्म्या जणी खाली, निम्म्या वर, आणि ऐकणारा म्हणतो बायका बेसूर गातात. बेसूर नसतात, पट्टी चुकलेली असते.

बहुतेक बायकांना काळी चार, काळी पाच किंवा त्याच्या आसपासची पट्टी सोयीची पडते. पण पुस्तकातला आकडा धरून बसू नये. आपल्या मंडळाची पट्टी आपणच काढावी. त्याची रीत सोपी आहे. अभंगातली सगळ्यात उंच ओळ आधी सगळ्यांनी मिळून म्हणायची. मानेच्या शिरा ताणल्या, हनुवटी वर गेली की पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवायची. मग सगळ्यात खालची ओळ म्हणायची. ती पुटपुटल्यासारखी झाली तर पट्टी थोडी चढवायची. दोन्ही ओळी जमल्या की तीच आपली पट्टी. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी वाद नको.

पेटीवाल्याला नव्या पट्टीत बोटं बसवायला आठ-दहा दिवस लागतात. त्याला हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं बरं. स्केल चेंजरची पेटी असेल तर काम सोपं होतं, पण ती महाग असते आणि सगळ्या गावात नसते. पेटीवाला नसेल त्या दिवशी मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप लावून तालीम होते. फुकटात मिळतं आणि काम भागतं.

सहा माहेरं, सहा पाठ

ही अडचण फक्त महिला मंडळातच येते आणि तिच्याकडं कुणी लक्ष देत नाही. पुरुष मंडळी त्याच गावात वाढलेली, एकाच बुवाकडून शिकलेली. बायका मात्र वेगवेगळ्या गावांहून आलेल्या. एकीनं अभंग आजीकडून ऐकलेला, दुसरीनं कॅसेटवरून, तिसरीनं यूट्यूबवरून. शब्द थोडे इकडचे तिकडे, चालही वेगळी. ‘आमच्याकडं असंच म्हणतात’ हे प्रत्येकीचं खरंच असतं. पण दहा जणींनी तीन पाठ म्हटले की समोरच्याला एकही शब्द कळत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस गाऊच नये. घरातली छापील गाथा घ्यावी, एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी आपापल्या वहीत उतरवावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी ओळ मागोमाग म्हणावी. पाठांतरात या बायका शिकलेल्यांच्या पुढं निघतात. अर्थ ठाऊक असलेल्या कुणा वारकऱ्याला बोलावून अभंग समजून घेतला तर आणखी चांगलं. अर्थ कळला की शब्द कुठं तोडायचा आणि श्वास कुठं घ्यायचा, हे निम्मं आपोआप सुटतं.

श्वासाचं अजून एक आहे. ओळ संपली की सगळ्या जणी एकदम श्वास घेतात आणि भजनात खड्डा पडतो. त्याऐवजी शेजारी बसलेल्या दोघींनी ठरवून घ्यावं, एक लांब स्वर धरील तेव्हा दुसरी श्वास घेईल. चार दिवसांत सवय होते आणि दहा जणींचा आवाज वीस जणींसारखा सलग वाटतो.

लय का पळते?

धुमाळी निवांत सुरू होते आणि पाचव्या मिनिटाला धावायला लागते, हे प्रत्येक मंडळाचं दुखणं. उत्साह हे एक कारण. दुसरं कारण टाळाचं आहे. हातातला टाळ स्वतःच्या कानाशी इतका मोठा वाजतो की पखवाज ऐकूच येत नाही. मग जो तो स्वतःच्या टाळावर चालतो आणि सगळ्यात घाईची जी असेल ती सगळ्यांना ओढून नेते.

मंडप लांब असेल तर आणखी भर पडते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे पखवाजापासून 17 मीटर मागं बसलेल्या टाळकरणीला ठेका सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच नाही, पण जलद लयीत एवढ्यानंसुद्धा टाळ फाटतो. दिंडीत पुढचे आणि मागचे एकमेकांपासून सुटतात त्याचं एक कारण हेच. यावर उपाय म्हणजे कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवणं. पखवाजवाल्याचा हात सगळ्यांना दिसेल असं बसायचं आणि हाताकडं बघून टाळ टाकायचा.

तालमीत एक दिवस टाळ बाजूला ठेवून नुसत्या हातानं मात्रा मोजत गाऊन बघावं. धुमाळीच्या आठ मात्रा. कोण पुढं पळतंय ते पाच मिनिटांत कळतं. त्या बाईला कानाला लागेल असं न बोलता पखवाजाजवळ बसवावं, झालं काम.

पखवाजवाला एकच, तोही शेतकरी

पखवाज गावात एखाद्यालाच येतो. थ्री फेज लाईट रात्रपाळीची लागली की तो मोटार सुरू करायला आणि दारं धरायला शेतात जातो आणि तालीम पडते. लाईटचं वेळापत्रक बघूनच तालमीचे दिवस धरावेत, हा साधा शहाणपणा. नसेल तेव्हा ठेका मोबाईलवर लावता येतो. पण तो यंत्राचा ठेका कुणासाठी थांबत नाही की उचल घेत नाही, त्यामुळं शेवटच्या चार-पाच तालमी खऱ्या पखवाजावरच व्हायला हव्यात.

वाद्याचंही थोडं समजून घ्यावं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कणीक लावतात. कोरड्या हवेत ती वाळते आणि आवाज बदलतो, म्हणून जाताना डब्यात थोडं पीठ आणि पाणी बरोबर न्यायचं. उजवं तोंड आपल्या पट्टीच्या स्वरात लावलेलं असतं. एक अभंग एका पट्टीत आणि दुसरा भलत्याच पट्टीत घेतला तर पखवाजवाल्यानं मधेच हातोडी घेऊन ठोकत बसायचं का? सगळे अभंग एकाच पट्टीत बसतील असे निवडावेत.

एखादीचा सूर लागतच नाही, तर?

प्रत्येक मंडळात एक मावशी असतात. सगळ्यांत आधी हजर, सतरंजी त्याच टाकतात, आणि आवाज खणखणीत, पण सुराच्या बाजूनं जाणारा. स्पर्धा जवळ आली की कुजबूज सुरू होते. ही कुजबूज मंडळ मोडते, सूर नाही मोडत.

त्यांना काढायची गरज नसते. बऱ्याचदा त्यांना स्वतःचाच आवाज फार मोठा ऐकू येतो, बाकीचा कमी. ज्या दोघींचा सूर पक्का आहे त्यांच्या मधे बसवावं आणि ध्रुपद जरा हलक्या आवाजात धरायला सांगावं. हलकं म्हटलं की कान उघडतो आणि सूर बराच जागेवर येतो. तरी नाहीच जमलं तर चिपळ्या किंवा टाळ त्यांच्याकडं द्यावा. ज्यांचा सूर गेलेला असतो, पण टाळ घड्याळासारखा चालतो, अशा बायका कमी नाहीत.

घशाची काळजी

ज्येष्ठमध, खडीसाखर तोंडात धरली की बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना ते थेट लागत नाही. दिवसभर पाणी पीत राहणं जास्त उपयोगाचं. कापूस वेचायला जाताना नाकातोंडाला रुमाल बांधावा, धुळीनं घसा लवकर धरतो. आवाज बसला असेल तेव्हा कुजबुजत बोलणंही टाळावं, त्यानंही ताण येतो; गप्प राहिलेलं बरं. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगराच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं. आदल्या दिवशी तालीम घ्यायचीच तर अर्ध्या आवाजात घ्यावी. सगळा दम तिथंच संपवला तर स्टेजवर काय नेणार?

शेवटचे चार दिवस

स्टेजवर ज्या रांगेत बसायचं त्याच रांगेत मंदिरात बसावं. घड्याळ लावून पूर्ण कार्यक्रम म्हणावा, कारण स्पर्धेत मिनिटं मोजलेली असतात आणि शेवटचा अभंग अर्धवट राहिला तर मेहनत पाण्यात. मोबाईल दहा-पंधरा पावलांवर ठेवून रेकॉर्डिंग करावं. फोन आवाजाचा चढउतार आपोआप सारखा करतो, त्यामुळं मोठं-बारीक त्यावरून ठरवू नये. पण शब्द कळतात का, सुरुवात सगळ्यांची एकत्र होते का, हे त्यात साफ दिसतं. टाळानं शब्द झाकले असतील तर टाळकरणी माईकपासून लांब बसवायच्या. गाणारीनं माईकपासून वीतभर अंतर ठेवायचं.

तालमीला माईकची गरज नसते. तरी कुणी लावलाच तर रात्री 10 नंतर तो बंद ठेवावा. 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे.

निघायच्या दिवशी गाडी सांगितलेल्या वेळेआधी अर्धा तास बोलवावी. घरातलं आवरून निघायला कुणाला तरी उशीर होतोच. पखवाजाचं पीठ, वह्या, पाण्याच्या बाटल्या आणि पेटी गाडीत चढवायचं काम एकीकडंच द्यावं, आणि पट्टी कुठली ठरली ते पेटीवाल्याला गाडीतच पुन्हा एकदा विचारून घ्यावं.