यशानंतरचे रितेपण

व्यापारात ज्यास खोट आली, त्याची विचारपूस करावयास चार माणसे येतात. ज्याची भरभराट झाली, त्याच्या दारी पेढे घ्यावयास गर्दी लोटते; परंतु त्याचे अंतःकरण कसे आहे, हे पुसण्याचे कोणाच्या मनात येत नाही. भारताचे विख्यात नेमबाज श्री. अभिनव बिंद्रा यांचे चरित्र या दृष्टीने आम्हांस फार बोधप्रद वाटते. म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस व त्यांच्या कुटुंबियांस त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

श्री. बिंद्रा यांचा जन्म १९८२ साली डेहराडून येथे झाला. वडील उद्योजक, त्यांनी मुलाची ओढ ओळखून चंडीगडनजीकच्या आपल्या घरीच नेमबाजीचे दालन उभारून दिले. या खेळात दहा मीटर अंतरावरील लक्ष्य भेदावयाचे असते आणि पूर्ण दहा गुणांचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आम्ही धान्याचे व्यापारी. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मोहरीच्या दाण्याहूनही तो लहान! तेथे हात, श्वास व मन ही तिन्ही एकाच क्षणी स्थिर व्हावी लागतात.

२००० साली सिडनी येथे ते प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा होते. २००४ साली अथेन्स येथे प्राथमिक फेरीत तिसरे असूनही अंतिम फेरीत ते सातव्या क्रमांकावर घसरले. ही खंत उराशी धरून पुढील चार वर्षे त्यांनी एकाच ध्यासात घालविली. बीजिंगचे दालन मोठे असणार, म्हणून लग्नसमारंभाचे सभागृह घेऊन तेथे त्यांनी सराव केला. अखेर ११ ऑगस्ट २००८ हा दिवस उजाडला. शेवटच्या गोळीपूर्वी फिनलंडचा प्रतिस्पर्धी त्यांच्या बरोबरीस होता. त्या गोळीस श्री. बिंद्रा यांनी १०.८ गुण मिळविले आणि ऑलिंपिकमधील वैयक्तिक सुवर्णपदक भारतास पहिल्यानेच लाभले.

सामान्यतः चरित्रलेखक येथे थांबतात. आम्हांस मात्र खरी गोष्ट येथूनच सुरू होते असे वाटते. आपल्या आयुष्यातील सर्वात मोठे मानसिक संकट अपयशाने नव्हे, तर यशाने आणले, असे श्री. बिंद्रा यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. वय पंचवीस, आणि ज्यासाठी पहाटे उठावयाचे ते साध्य संपलेले! उत्साह मावळला, मन खिन्न झाले, खेळ सोडावा असे वाटू लागले. त्या काळात त्यांनी दहा दिवसांचे विपश्यनेचे शिबिर केले. पुढे हळूहळू ते पुन्हा दालनात उतरले. २०१२ साली लंडन येथे त्यांस अंतिम फेरी गाठता आली नाही. २०१६ साली रिओ येथे पदक एका स्थानाने हुकले व ते चौथे आले. त्यानंतर त्यांनी स्पर्धेस रामराम ठोकला.

हे केवळ एकट्याचे दुखणे नव्हे. त्याच बीजिंगमध्ये अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांनी आठ सुवर्णपदके पटकाविली. परंतु प्रत्येक ऑलिंपिकनंतर आपणांस नैराश्याने गाठले, आणि एका काळी तर जगणेच नकोसे झाले, असे त्यांनीही सांगितले आहे. २०१४ साली त्यांनी उपचार घेतले आणि २०१६ साली ते पुन्हा पोहले.

आता हे आमच्या पेढ्यांवर आणून पाहावे. चाळीस वर्षे पहाटे वखार उघडणारा, भाव सांगणारा, काट्यापाशी उभा राहणारा गृहस्थ एके दिवाळीस वहीपूजन करून गादी मुलाच्या स्वाधीन करतो. लोक त्यास भाग्यवान म्हणतात. परंतु सहा महिन्यांत तो अबोल होतो, अन्नावरची वासना जाते, झोप उडते. घरचे म्हणतात, “वय झाले.” वय नव्हे; त्याचे साध्य हिरावले गेले आहे. आमच्या पिढीतील किती जण असे कोमेजताना आम्ही पाहिले आहेत!

आणि दुसरी बाजू मुलांची. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्याचा अभिमान आम्हां सर्वांस आहे. पण मुलास मैदानावर, परीक्षेस वा गादीवर बसविताना त्याच्यापुढे एकच दार ठेवू नये. पदक मिळाल्यावर काय, आणि न मिळाल्यास काय, या दोहोंचा विचार घरात आधीच व्हावा.

श्री. बिंद्रा यांनी निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे पत्करले नाही. आपल्या नावाच्या प्रतिष्ठानामार्फत ते खेळाडूंच्या प्रशिक्षणाचे कार्य करतात, तसेच खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलतात. २०२४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांस ‘ऑलिंपिक ऑर्डर’ हा सन्मान दिला. घेणाऱ्याचा हात देणारा झाला, तेव्हा रितेपण भरून निघू लागले, असा अर्थ आम्ही यातून काढतो.

आमच्या समाजात मनाचे दुखणे झाकून ठेवण्याची रीत आहे; सोयरिकीस बाधा येईल, बाजारात पत जाईल, ही भीती! मधुमेहास वैद्य चालतो, मग मनास का चालू नये? सरकारने २०२२ सालापासून ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली आहे. घरोघरी हा क्रमांक लिहून ठेवावा. आणि वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना नफ्यातोट्याबरोबर घरातील माणसांच्या चेहऱ्यांकडेही एकवार पाहावे, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.