संध्याकाळी बंद, सकाळी चालू : दोष यंत्राचा की विजेचा?

नळपाणी योजनेच्या टाकीत पाणी भरले की पंप आपोआप बंद करणारी पेटी आता बऱ्याच वाड्यांतून दिसते. कुणी तयार आणलेली, कुणी गावातल्याच आयटीआय शिकलेल्या पोराकडून करून घेतलेली. ही पेटी सकाळी गुपचूप काम करते आणि दिवेलागणीला आतला रिले टकटक वाजू लागतो. पंप चालू-बंद, चालू-बंद. मेकॅनिक येतो तो दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. तेव्हा पेटी ठणठणीत! मग तो डोके खाजवतो आणि सांगतो, "बोर्ड गेलो, नवो घालूक होयो." नवा बोर्ड बसतो, आणि चार दिवसांनी संध्याकाळी पुन्हा तीच टकटक.

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, असा वेळ पाळून येणारा बिघाड दिसला की आधी बोर्डाकडे नव्हे, घड्याळाकडे बघा. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी सात वाजता, रात्री अकरा वाजता प्लगमधला दाब मोजून वहीत लिहा. घरगुती जोडणीचा ठरलेला दाब 230 व्होल्ट. त्यात 6 टक्के वर-खाली धरले जाते, म्हणजे साधारण 216 ते 244. डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटच्या खांबावर असलेल्या वाडीत संध्याकाळी हा आकडा किती घसरतो ते एकदा स्वतः पाहाच.

आता ही घसरण पेटीत काय करते ते समजून घ्या. आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. तो 230 चे 12 व्होल्ट करतो. चार डायोड त्या एसीचे डीसी करतात, कपॅसिटर ते पाणी टाकीत साठवावे तसे साठवून सपाट करतो आणि 7812 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्यातून नेमके 12 व्होल्ट देतो. दाब चांगला असताना हिशेब असा: 12 गुणिले 1.41 म्हणजे 17, त्यातून दोन डायोडचे 1.4 वजा, राहिले साडेपंधरा. रेग्युलेटरला आपल्या 12 च्या वर निदान दोन व्होल्ट जास्त लागतात. ते मिळाले, काम चालले.

समजा संध्याकाळी दाब 170 वर आला. ट्रान्सफॉर्मरमधून 12 ऐवजी 8.9 व्होल्टच निघतात. गुणिले 1.41 म्हणजे साडेबारा, वजा 1.4 म्हणजे 11.1. रेग्युलेटरला चौदा हवेत, मिळाले अकरा! तो बिचारा नऊ-साडेनऊ व्होल्ट पुढे ढकलतो. बारा व्होल्टचा रिले तेवढ्यावर कसाबसा ओढला जातो. पण त्याने ओढून धरले की पंप सुरू होतो, पंप सुरू होताना मोठा करंट खेचतो, दाब आणखी खाली बसतो आणि रिले सुटतो. पंप थांबला की दाब वर, रिले पुन्हा ओढला जातो. ही झाली टकटक. बोर्डात दोष काहीच नाही. अशी टकटक आठवडाभर चालली तर मात्र रिलेचे पॉइंट जळतात, आणि मग खरोखरच "बोर्ड गेलो".

यावर बरेच जण लगेच 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालतात. त्याने 170 वरही रेग्युलेटरला चौदाच्या थोडे वर मिळतात, हे खरे. पण तोच ट्रान्सफॉर्मर दाब 250 वर गेला की साडेएकवीस व्होल्ट देतो. म्हणून कपॅसिटर 25 व्होल्टचा नको, 35 चा घाला आणि रेग्युलेटरला ॲल्युमिनियमची पट्टी लावा, नाही तर तो तापून मधूनमधून स्वतःला बंद करून घेईल. याहून सोपा मार्ग म्हणजे 100 ते 240 व्होल्ट असे छापलेला चांगला 12 व्होल्टचा ॲडॉप्टर. तो 170 वरही डगमगत नाही.

पण थांबा. पेटी सुधारली म्हणून 170 व्होल्टवर पंप चालवायचा का? मुळीच नाही. कमी दाबावर मोटर जास्त करंट घेते, तापते आणि रिवाइंडिंगला जाते. पेटी तापट सुनेसारखी कुरकुरत होती, ती एका अर्थी मोटर वाचवत होती. पेटी सुधाराल तेव्हा सोबत कमी-जास्त दाबाला पंप तोडणारे संरक्षणही बसवा आणि पाणी भरण्याची वेळ पहाटेची ठेवा. वहीतले आकडे, तारीख आणि वेळ टाकून, महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. "लाईट कमी येते" या तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. पंधरा दिवसांच्या आकड्यांना उत्तर द्यावे लागते. तेवढ्यानेही झाले नाही तर वीज कायदा 2003 प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

न्यूट्रल तुटला तर

आपल्याकडे उलटा प्रकारही होतो. वादळवाऱ्यात माडाची झावळ, फणसाची फांदी लाईनवर पडते आणि नेमका न्यूट्रल तुटतो. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा खांब आणि तारा कशा लोळल्या ते मालवणकरांना सांगायला नको. न्यूट्रल तुटला की काही घरांत दाब 400 च्या दिशेने चढू शकतो आणि शेजारच्या घरांत दिवे मिणमिणतात. एक दिवा भगभगतो आणि दुसरा मंद होतो असे दिसले तर टीव्ही बंद करीत बसू नका, सरळ मेन स्विच खाली करा. वीज गेल्यावर परत "लाईट इली!" म्हणून सगळे एकदम चालू करण्यापेक्षा आधी एकच दिवा लावून पाहा.

अशा झटक्यानंतर ॲडॉप्टर मेला तर आत फ्यूजशेजारी एक चपटे गोल बिस्कीट असते, ते काळे पडलेले किंवा फुटलेले सापडते. त्याला व्हॅरिस्टर म्हणतात. जास्त दाब आला की ते स्वतः मरून फ्यूज उडवते. दोन्ही बदला. व्हॅरिस्टर काढून टाकून फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून वस्तू घरी आणू नका.

दुरुस्तीला बसणाऱ्या पोरांनी एक सिरीज बल्ब जरूर करावा. जुना 60 किंवा 100 वॅटचा तारेचा बल्ब, वस्तूच्या फेजच्या वाटेत जोडलेला. एलईडी दिवा इथे चालत नाही. वस्तू लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर बहुधा ठीक. भगभगून पेटून राहिला तर आत शॉर्ट. अजिबात नाही पेटला तर वाट कुठे तरी तुटलेली: वायर, फ्यूज नाही तर ट्रान्सफॉर्मरची पहिली गुंडाळी. मल्टिमीटरआधी हा बल्ब बोलतो, आणि नवा फ्यूज उडण्यापासून वाचतो.

नव्या पद्धतीच्या ॲडॉप्टरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये मात्र हात घालण्यापूर्वी दहादा विचार करा. 230 व्होल्टचे डीसी केले की आतल्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात. मीटरने ते उतरले आहेत याची खात्री केल्याशिवाय बोट लावू नये. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी बसून तर नाहीच नाही. घरच्या बोर्डावर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असलेला बरा.

भजनाच्या ॲम्प्लिफायरची गुणगुण हा आणखी एक नेहमीचा रोग. आवाज बारीक केला तरी स्पीकरमधून "हूंऽऽ" येत राहिले तर पेटीतला मोठा कपॅसिटर सुकला आहे असे समजा. टोपी फुगलेली असली तर शंकाच नको. बदलताना उणे-अधिक बाजू उलटी लागली तर तो फुटतो, तेव्हा पट्टी पाहून लावा.

खाऱ्या वाऱ्याचे दुखणे

आता किनाऱ्याच्या लोकांसाठी खास. देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे तारकर्लीकडच्या घरांत जो बोर्ड दोन वर्षांत हिरवा पडतो, तोच कणकवलीला दहा वर्षे टिकतो. कारण हवेतून बसलेले मीठ. हवेत दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ आपोआप पाझरते, हे घरातल्या मिठाच्या बरणीत आपण पाहतोच. पावसाळ्यात आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्यावरच असते. मग बोर्डावरच्या दोन रेघांमधून खारे पाणी वीज गळवू लागते. जून ते सप्टेंबर वेडेवाकडे वागणारे आणि ऑक्टोबर हीट पडली की शहाणे होणारे यंत्र म्हणजे हाच रोग.

यावर सगळे पेट्रोल नाही तर स्पिरिट ओततात. मीठ पेट्रोलमध्ये विरघळतच नाही आणि स्पिरिटमध्ये नावापुरते. मीठ विरघळते पाण्यात! बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या, वीज आणि बॅटरी काढून टाका, ट्रान्सफॉर्मर, रिले, स्पीकर भिजू न देता मऊ ब्रशने बोर्ड दोनदा धुवा, मग स्पिरिटने पाणी उतरवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. हिरवे झालेले सांधे खरडून पुन्हा सोल्डर करा. शेवटी कनेक्टर आणि फिरवायची बटणे झाकून बाकी बोर्डाला पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या. ओल्या बोर्डाला वार्निश लावाल तर मीठ आतच कोंडाल.

टाकीतले, विहिरीतले पाण्याची पातळी ओळखणारे दांडे पितळेचे असतील तर डीसीमुळे त्यातला एक झिजत झिजत संपतो. स्टेनलेस स्टीलचे घाला आणि दर उन्हाळ्यात घासून घ्या.

कुंपणाबद्दल दोनच शब्द. रानडुकरांसाठी, गव्यांसाठी लावायचे झटका यंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरताच धक्का देते. ते धक्का देईनासे झाले तर आधी बॅटरी मोजा. विश्रांतीत 12.6 असावी, 12 च्या खाली असेल तर दोष यंत्रात शोधण्यात अर्थ नाही. त्यानंतर तारेला टेकलेले गवत कापा. यंत्र बिघडले म्हणून घरची लाईट थेट तारेला जोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी गुराखी मरतो.

आणि चतुर्थीची दिव्यांची माळ! माटवीभोवती पळणारे दिवे करणारी हौशी पोरे गावोगाव आहेत. 555 आणि 4017 या दोन आयसींवर ती माळ चालते. दरवर्षी ऐन आरतीच्या वेळी नाही, तर रात्री उशिरा ती मरते. वाडी झोपली, भार कमी झाला की दाब चढतो. साध्या 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मर ॲडॉप्टरमधून हलक्या भाराला सोळा-सतराच्या वर व्होल्ट निघतात आणि 555 ला सोळाच्या वर सोसत नाही. मध्ये एक 7809 घातला की माळ विसर्जनापर्यंत चालते. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला लॅमिंग्टन रोडवरून काय आणायचे ते आत्ताच लिहून द्या: 7812 आणि 7809 चार-चार, 1एन4007 डायोड वीस, 2200 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सहा, 12 व्होल्टचे रिले दोन, व्हॅरिस्टर पाच, काचेचे फ्यूज डबाभर. कपॅसिटर 35 व्होल्टचेच, हे ठळक अक्षरात लिहा. दुकानदार 25 चे देऊन मोकळा होतो.