लघवी न आवरणारें कुत्रें आणि त्याची निगा

शेतावरील वस्तीला कुत्र्यावांचून चालत नाहीं, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. रानडुकरें भुइमुगांत शिरलीं, अगर रात्रीं खळ्यावर अनोळखी पाऊल वाजलें, तर मालकाच्या आधीं तेंच जागें होतें. या चाकरीबद्दल त्याला दोन वेळची भाकर मिळते. परंतु तेंच कुत्रें म्हातारें झालें, किंवा कमरेंत मार बसून त्याचा लघवीवरचा ताबा गेला, म्हणजे घरांतील माणसें नाकाला पदर लावूं लागतात. आणि थोड्याच दिवसांत 'याला बाजाराच्या गांवीं सोडून यावें' अशी भाषा निघते. ती भाषा आमच्याही घरीं निघाली होती. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा आम्हांस थोडासा अधिकार आहे असें वाटतें.

२०१९ सालच्या वैशाखांत आमचा खंड्या शेणखताच्या ट्रॉलीखालीं सांपडला. वय त्या वेळीं नऊ वर्षांचें. हाड मोडलें नाहीं, पण पाठीच्या कण्यास इजा होऊन मागचे दोन्ही पाय लुळे पडले व लघवी थेंबथेंब गळूं लागली. तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत पडवींत येई आणि मागें ओला पट्टा उमटे. आमच्या बुद्धीप्रमाणें आम्हीं उपाय योजिला: रोज सकाळीं त्याला हौदाशीं नेऊन साबणानें धुवावयाचें व शेवटच्या बादलींत थोडें फिनेल टाकावयाचें. घाण वाटली कीं धुवावें, हा साधा हिशेब. पंधरा दिवस हा क्रम चालला. तोंवर पाऊस लागला, अंग वाळेना, मांड्यांच्या आंतील बाजूचे केंस गळून कातडी लालभडक झाली, आणि आषाढांत एके दिवशीं शेपटीच्या मुळाशीं किडे पडलेले दिसले.

शेजारच्या वस्तीवरून एकानें टर्पेन्टाइनची बाटली आणली, दुसऱ्यानें डांबराच्या गोळ्या कुटून भरावयास सांगितलें. दोन्ही उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि दोन्ही वाईट आहेत. हीं द्रव्यें उघड्या जखमेंतून रक्तांत जातात, कुत्रें तीं चाटतें, आणि किड्यांबरोबर त्यालाही विषबाधा होते. सुदैवानें त्या दिवशीं आम्हीं बाटली बाजूला ठेवून तालुक्याचा गुरांचा दवाखाना गांठला. तेथील डॉक्टरांनीं केंस कातरून, चिमट्यानें एकेक किडा काढून, मिठाच्या पाण्यानें जखम धुतली, आणि स्नानाची हकीकत ऐकल्यावर आम्हांसच दोष दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, हें कुत्रें घाणीपेक्षां ओलाव्यानें अधिक सडत आहे, आणि तो ओलावा आम्ही रोज आणखी वाढवीत आहों.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षां पातळ असते. वरून केंसांचें दाट आच्छादन असल्यामुळें ती आंत ओली राहिली तरी आपणांस बाहेरून कळत नाहीं. ओलाव्यानें कातडी भिजून फुगते, जरा घासली कीं सोलते. साचलेल्या लघवींतील यूरियाचा जंतूंच्या योगानें अमोनिया होतो. गोठ्यांत सकाळीं डोळ्यांस झोंबतो तोच हा वायु. तो सोललेल्या कातडीस भाजतो. माणसाच्या अंगाचा साबण कुत्र्याच्या कातडीस मुळांतच मानवत नाहीं, आणि रोजच्या वापरानें तिच्यावरचें नैसर्गिक तेल निघून जाऊन ती उघडी पडते. शिवाय लुळें किंवा म्हातारें कुत्रें अंग झाडूं शकत नाहीं, उन्हांत जाऊन बसूं शकत नाहीं. भिजलें तें तासन्‌तास भिजलेलेंच राहतें व गारठतें. तेव्हां अशा जनावरास स्नान न घालतां स्वच्छ ठेवणें हीच खरी निगा होय.

परंतु स्वच्छतेच्या आधीं एक काम आहे, तें म्हणजे लघवी कां गळते याचा शोध. यांत आळस करूं नये. मूत्राशयाचा दाह, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, यांपैकीं कांहींही असूं शकतें, आणि यांतील पुष्कळांना औषध आहे. गर्भाशय काढलेल्या कुत्रीस कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं झोपेंत लघवी गळण्याचा विकार जडतो. मोठ्या जातींत तो अधिक दिसतो. ती बिचारी जागी होते तों अंथरूण भिजलेलें असतें, आणि मालक तिला खोड लागली म्हणून काठी उगारतो. वास्तविक हा मूत्रमार्गाचें तोंड आवळणाऱ्या स्नायूंचा दुबळेपणा आहे व गोळ्यांनीं बहुतेक वेळां तो आटोक्यांत येतो. एखादें पिलूं जन्मापासूनच गळत असेल तर मूत्रनलिका भलत्या जागीं उघडत असण्याचा संभव असतो; त्यावर शस्त्रक्रिया होते. लघवीला दुर्गंधी येणें, ती गढूळ किंवा तांबूस होणें, कुत्र्यानें कुंथणें, हीं लक्षणें दिसतांच नमुना स्वच्छ बाटलींत धरून दवाखान्यांत न्यावा. तालुक्याला सोय नसल्यास परळचें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय किंवा साताऱ्याकडील मंडळींस शिरवळचें महाविद्यालय आहे.

पाणी तोडणें हा उपाय नव्हे. आम्हीं तोही करून पाहिला होता. पाणी कमी दिलें म्हणजे लघवी कमी होत नाहीं असें नाहीं, पण ती दाट होते, अधिक झोंबते, आणि मूत्राशयाचा दाह वाढतो. भांडें सदैव भरलेलें असावें. त्याऐवजीं उठल्यावर, जेवणानंतर व निजण्यापूर्वीं कुत्र्यास ठराविक वेळीं बाहेर न्यावें.

आतां रोजच्या निगेविषयीं. सर्वांत मोठा फरक कात्रीनें पडतो. पोटाखालचे, मांड्यांच्या आंतील, शेपटीच्या मुळाखालचे केंस बोटभरही ठेवूं नयेत. तेवढा भाग बारीक कातरून घ्यावा. वस्तरा मात्र लावूं नये, त्यानें ओरखडे पडतात. शेपूट झुपकेदार असेल तर जुन्या धोतराची पट्टी तिच्याभोंवतीं सैल गुंडाळावी व ती रोज बदलावी. एवढें केल्यानें निम्मी घाण धरावयास जागाच राहत नाहीं.

पुसण्यासाठीं एक लिटर पाणी उकळून त्यांत ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, घालावें व तें कोमट होऊं द्यावें. मऊ सुती फडकें त्यांत बुडवून पिळून घ्यावें, आणि पुढून मागें, म्हणजे मूत्रमार्गाकडून गुदद्वाराकडे, पुसत जावें. उलट पुसल्यास विष्ठेंतील जंतु मूत्रमार्गांत जातात. कुत्रीच्या बाबतींत हें विशेष सांभाळावें. वाळलेली विष्ठा ओढून काढूं नये. कोमट फडकें तिच्यावर पांच मिनिटें धरावें, किंवा खोबरेल तेलाचें बोट फिरवावें. ती आपोआप सुटते. नंतर कोरड्या फडक्यानें टिपावें. घासूं नये, टिपावें. आमच्या घरांतील मुलांना हा फरक शिकविण्यास आठ दिवस लागले. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. लघवी त्यावरून ओघळून जाते व कातडीला भिडत नाहीं. मलम लावण्याची वेळ जेवणाच्या आधींची ठेवावी, म्हणजे खाण्याच्या नादांत कुत्रें तें चाटावयास विसरतें. लहान मुलांच्या अंगाला लावतात तें जस्ताचें मलम कुत्र्यास कधींही लावूं नये. चाटल्यानें जस्त पोटांत जाऊन रक्त बिघडतें. जखमेवर कोणतें औषध लावावें हें डॉक्टरांनींच ठरवावें.

बाकीच्या अंगास विंचरणें पुरे. दाट दांतांच्या फणीनें मेलेले केंस काढून, कोरड्या जाड फडक्यानें केंसांच्या दिशेनें पुसलें म्हणजे अंगास चकाकी येते व वासही उतरतो. कोणी पीठ चोळून झटकण्यास सांगतात. आम्हीं बेसन चोळून पाहिलें. रात्रीं मुंग्या आल्या. राखेचा प्रयोगही कोणी करूं नये, कारण ओली राख क्षाराप्रमाणें कातडी खाते.

लंगोटाविषयीं दोन मतें आहेत. नर कुत्र्यास पोटाभोंवतीं जुन्या लुगड्याची रुंद पट्टी व तिच्या आंत सुती घडी, मादीस शेपटीपुरतें भोंक पाडलेली तान्ह्या मुलांची तयार चड्डी, हीं साधनें घरांत निजणाऱ्या कुत्र्यास सोयीचीं आहेत. परंतु ओली घडी दर दोनतीन तासांनीं बदलणारें माणूस नसेल तर लंगोट बांधण्यापेक्षां उघडें ठेवणें शतपट बरें. आमचें मत विचाराल तर शेतकऱ्याच्या घरीं लंगोटापेक्षां अंथरुणावर मेहनत घ्यावी.

तें अंथरूण आम्हीं असें केलें. एक जुनी सुंभाची बाज पाय कापून वीतभर उंचीची केली. तिच्यावर धुतलेलें गोणपाट दुहेरी करून टाकलें, व कोपर आणि खुबे टेकतात तेथें गोणपाटाखालीं चिंध्यांच्या उशा शिवल्या. लघवी गोणपाटांतून व सुंभांतून खालीं झरते आणि कुत्रें वर कोरडें राहतें. बाजेखालीं चार बोटें कोरडी वाळू पसरली. ती रोज सकाळीं काढून नवी टाकावयाची. लाकडाचा भुसा ओल्या कातडीस चिकटतो, तो नको. गोणपाटें निदान सहा असावींत, कारण पावसाळ्यांत एकेक वाळावयास दोन दोन दिवस लागतात. आम्ही तीं चुलीच्या वरच्या आढ्याला टांगीत असूं. जें कुत्रें स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्याला दर चार तासांनीं दुसऱ्या कुशीवर वळवावें. हें चुकलें कीं हाडाच्या उंचवट्यावर अंथरूण-व्रण होतो, आणि तो भरून येण्यास महिने लागतात. रात्रीच्या पाळीसाठीं आमच्या थोरल्या सुनेनें पाणी सोडण्याच्या वेळा धरल्या; आठवड्याची रात्रपाळीची वीज असली कीं मोटर चालू करावयास उठणारानें खंड्याचीही कूस बदलावयाची.

कमरेंतून लुळ्या झालेल्या कुत्र्याविषयीं एक गोष्ट विशेष जपून सांगतों. लघवी गळते म्हणजे मूत्राशय रिकामें आहे, असें समजूं नये. पुष्कळदां तें तुडुंब भरलेलें असतें, आणि भरलेल्या रांजणाप्रमाणें वरचें तेवढें सांडत असतें. खंड्याचेंही तसेंच होतें. डॉक्टरांनीं आमचे हात धरून शिकविलें: पोटाच्या दोन्ही बाजूंस, मागच्या मांड्यांच्या पुढें तळहात ठेवून, संथ व सारखा दाब मागें द्यावयाचा, दिवसांतून तीनचार वेळां. धार लागते आणि मग दोनचार तास कुत्रें कोरडें राहतें. हें पुस्तक वाचून किंवा आमचा लेख वाचून करूं नये, समक्ष शिकून घ्यावें. दाब देऊनही धार न आल्यास जोर करूं नये. खडा अडकलेला असल्यास मूत्राशय फुटून जनावर दगावतें. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

करणाऱ्या माणसानें स्वतःलाही जपलें पाहिजे. कुत्र्याच्या लघवींतून लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर माणसास होऊं शकतो. हातापायांवर चिरा असलेल्या, चिखलांत वावरणाऱ्या शेतकऱ्यास त्याचें भय अधिक, आणि कोंकणांतील वाचकांस तर हें नांव परिचयाचें आहे. रबरी हातमोजे घालावेत, नंतर साबणानें हात धुवावेत, आणि कुत्र्यास या रोगाची व पिसाळण्याची लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. विष्ठा भाजीच्या वाफ्यांपासून, वैरणीपासून व विहिरीपासून दूर पुरावी, शेणखताच्या खड्ड्यांत टाकूं नये. तिच्यांतून जाणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांनीं मेंढ्यांच्या व माणसांच्याही यकृतांत पाण्याच्या गांठी होतात. म्हणून जंताचें औषध नियमानें द्यावें, व कापलेल्या शेळीमेंढीचीं कच्चीं आंतडीं-काळजें कुत्र्यापुढें टाकूं नयेत.

माश्यांसाठीं सकाळ-संध्याकाळ शेपटीखालीं पाहणें याला दुसरा पर्याय नाहीं. पावसाळ्यांत माशीनें अंडीं घातल्यापासून एका दिवसांत किडे होतात. आम्हीं पडवीच्या त्या कोपऱ्यास जुनी मच्छरदाणी बांधली. किडे दिसलेच तर गुरांना टोंचतात तें औषध अंदाजानें देऊं नये. कांहीं कुत्र्यांना तें सहन होत नाहीं. तसेंच दुखतें म्हणून आपल्या डोकेदुखीची गोळी भाकरींत घालूं नये. ती जिवावर बेतते.

बाजाराच्या गांवीं सोडून येणें, हा मार्ग १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. भुकेनें तहानेनें तळमळेल अशा स्थितींत जनावर टाकून देणें, असे त्याचे शब्द आहेत. कायद्याची गोष्ट बाजूला ठेविली तरी, लुळें कुत्रें परक्या गांवच्या कुत्र्यांपुढें टाकण्याचा अर्थ काय, हें सोडून येणारालाही ठाऊक असतें. व्रण भरत नाहींत, जनावर अन्नाकडे पाहत नाहीं, मालकाच्या हांकेला मान उचलत नाहीं, अशी वेळ आली तर डॉक्टरांस बोलावून वेदनारहित मरण द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आमच्या घरीं ती वेळ २०२१ च्या मार्गशीर्षांत आली. तोंपर्यंतचीं अडीच वर्षें खंड्या बाजेवर पडून राही. पडवीसमोरून अनोळखी मनुष्य गेला कीं पुढच्या पायांवर उठून भुंके, आणि रात्रीं डुकरें आलीं तर जागेवरूनच वर्दी देई. दुसऱ्या वर्षीं त्यानें दिलेल्या अशा एका वर्दीमुळें आमचा पाऊण एकर भुइमूग वांचला. त्याला आम्हीं बांधावरच्या लिंबाखालीं पुरलें. बाज मोडली नाहीं. तिचीं गोणपाटें धुऊन आढ्यावर ठेविलीं आहेत.